होडीच्या अंगावर बेतलेला ट्रेलर

मी एक जुना ट्रेलर आहे, मित्रांनो. पण लगेच विटा नाहीतर खडी वाहणारा ट्रेलर डोळ्यांसमोर आणू नका. मी होडीचा ट्रेलर आहे. होडीला पाय नसतात, त्यामुळे घरापासून तळ्यापर्यंत तिला कुणीतरी पाठीवर घेऊन जावे लागते. ते काम माझे. मला इंजिन नाही, माझे दिवे लागतात ते जीपच्या जिवावर, आणि स्वतःच्या मर्जीने मी आजवर वीतभरही हललेलो नाही. तरीही एके काळी मला भलता गर्व होता. तो कसा उतरला आणि उतरला ते कसे बरेच झाले, ते तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका वेल्डरच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. वेल्डर तेव्हा चांगला धट्टाकट्टा होता आणि काम करताना शीळ घालायचा. त्याने लोखंडी नळ्या कापून माझी चौकट जोडली. पुढे लांब दांडा काढला आणि दांड्याच्या टोकाला जीपच्या मागच्या गोळ्यावर घट्ट बसेल अशी कडी लावली. दांड्यावर एक खांब उभा केला. त्या खांबावर होडीचे नाक टेकायला एक रबरी ठोकळा आणि हाताने फिरवायचा, पट्टा गुंडाळलेला रहाट आहे. पट्टा होडीच्या नाकाला अडकवायचा आणि रहाट फिरवून होडी माझ्या अंगावर ओढून घ्यायची. होडीच्या पोटाखाली आठ रबरी रोलर, चाकांवर धक्के झेलायला चार-चार पानांचे जाडजूड पाटे. शेवटी सगळ्या अंगाला जस्ताचा मुलामा चढवला, तेव्हा मी असा चमकत होतो की शेडमधली मांजर माझ्याकडे बघून दचकली.

ज्यांच्यासाठी मला बनवले ते वेल्डरचे बालमित्र होते. घरात सगळे त्यांना बाबा म्हणत, म्हणून मीही बाबाच म्हणतो. वेल्डर मात्र त्यांना ‘बगळ्या’ म्हणायचा, कारण गळ टाकून ते तासन्‌तास हलायचे नाहीत. मासे धरणे हाच त्यांचा धंदा होता. त्यांची होडी अठरा फुटांची, फायबरची, पोटाला मधोमध चांगला टोकदार कणा असलेली. चौदा वर्षे मी ती वाहिली. पहाटे तळ्याच्या उतारावर बाकीचे ट्रेलर कुरकुरत असायचे आणि मी मात्र दिमाखात पाण्यात उतरायचो. लोक म्हणायचे, “ट्रेलर असावा तर असा.” हे ऐकून मी आणखी फुगायचो. छोट्या होड्यांच्या किडकिडीत ट्रेलरांशी तर मी बोलतही नसे.

मग दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण डावा हात रिकाम्या बाहीसारखा लोंबू लागला आणि डावा पाय ओढत चालावे लागे. मोठी होडी एका माणसाने विकत घेतली. तो मला बघून म्हणाला, “ट्रेलर आहे माझ्याकडे, हा नको.” चौदा वर्षांची सोबत त्या दिवशी माझ्या अंगावरून उतरली आणि दुसऱ्याच ट्रेलरवर चढून निघून गेली. मी घरामागच्या अंगणात तसाच उभा राहिलो.

बाबांची मुलगी कपडे शिवते. घराची पुढची खोली म्हणजे तिचे दुकान; आख्खी गल्ली तिला टेलरताई म्हणते. माझ्या चौकटीवर ती ओले पडदे वाळत घालू लागली. माझ्या टायरांतली हवा हळूहळू गेली, रहाटाला गंज चढला, भोपळ्याचा वेल माझ्यावर चढला आणि त्याला एक भोपळाही लागला. या सगळ्याचे मला वाईट वाटले, पण सर्वांत वाईट वाटले ते बाबांच्या खुर्चीचे. त्यांची खिडकी माझ्याच बाजूला उघडत होती आणि त्यांनी खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवली होती. दिवस दिवस ते कुणाशी बोलत नसत.

टेलरताईचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, मोठ्या शहरात सहाव्या मजल्यावर राहतो. तो माणूस वाईट नाही, काळजीपोटी त्याचा जीव वरखाली होत असतो. एके दिवशी फोनवर त्याने सांगितले की महिनाअखेरीला येतो आणि बाबांना कायमचे आपल्याकडे घेऊन जातो. बाबा नुसते “बरं” म्हणाले. त्यांनी आरडाओरडा केला असता तर टेलरताईने समजूत काढली असती. पण त्या “बरं”मध्ये माणूस उरलाच नव्हता.

दुसऱ्याच आठवड्यात ती एका टेम्पोवर होडी घालून घेऊन आली. मित्रांनो, होडी कसली, डबडे! बारा फुटांची, अॅल्युमिनियमच्या पत्र्याची, सपाट पोटाची. इतकी हलकी की दोन माणसांनी हसत-खेळत खाली उतरवली. मी मनातल्या मनात नाक मुरडले.

“बाबा, एकदा पाण्यावर जाऊन या,” टेलरताई म्हणाली. “मग दादाकडे जायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.”

“मला बाहुलीसारखं उचलून होडीत बसवणार असाल तर मी येत नाही,” बाबा पाठमोरेच म्हणाले. त्यांची जीभ अजून थोडी जड होती. “होडी माझी मी उतरवीन आणि माझी मी चढवीन. एका हातानं जमलं तर बघू. नाही जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही.”

म्हणजे सगळा भार येऊन पडला माझ्यावर. होडी माझ्या अंगावर नीट बसली आणि एका हाताच्या ओढीने सरकली तर बाबा राहणार. अडकली, तिरकी झाली, तर सहावा मजला.

आणि पहिल्याच दिवशी माझी फजिती झाली. होडी माझ्यावर ठेवली तर ती बापाच्या खुर्चीत बसलेल्या पोरासारखी दिसू लागली. रोलर मधल्या कण्यासाठी लावलेले. हिला कणाच नाही. रोलरनी तिच्या पातळ पोटाला दोन पोचे पाडले. जरा धक्का दिला की ती डावीकडे कलंडे. खांब इतका उंच की तिचे नाक ठोकळ्यापर्यंत पोचतच नव्हते. खरे सांगतो, मला आतून बरे वाटले. म्हटले, बघा, मी मोठ्या घरचा आहे.

टेलरताईने कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहिले. ढगळ सदरा घालून आलेल्या गिऱ्हाइकाकडे ती जशी पाहते, अगदी तशीच. “ट्रेलर चांगला आहे,” ती म्हणाली. “नुसता अंगाला बसत नाही. उसवून घेऊ.”

तिने होडी दोन बाकांवर उपडी ठेवली, गळ्यातली टेप काढली आणि मापे घ्यायला सुरुवात केली. मागची रुंदी, मधली रुंदी, नाकाची उंची, पोटाच्या रिबिटांच्या रांगांमधले अंतर. खडूने पत्र्यावर खुणा केल्या आणि वहीत चक्क छाती, कंबर, घेर असे लिहिले. वेल्डर आता म्हातारा झाला होता, पण बोलावल्यावर हत्यारे घेऊन लगेच आला. वही बघून तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

“पोरी, होडीला झगा शिवतेस की काय?”

“काका, माप ते माप,” ती म्हणाली. “तुम्ही कापायला लागा.”

मग ज्या हातांनी मला बनवले, त्याच हातांनी मला सोडवायला घेतले. आठही रोलर काढले. पाट्यांच्या चार पानांमधली दोन-दोन पाने काढली, कारण जाड पाट्यावर हलकी होडी रस्ताभर उडत राहिली असती. खांब कापून बुटका केला. मला तो भरचौकातला अपमान वाटला. माझी पाने भिंतीला टेकवून ठेवलेली मला दिसत होती आणि मी अगदी रडकुंडीला आलो होतो.

रोलरच्या जागी होडीच्या पोटाखाली दोन लांब फळ्या यायच्या होत्या. वेल्डरने कुंपणाच्या कामातून उरलेल्या फळ्या आणल्या. “एक नंबर माल,” तो म्हणाला. “ना वाळवी लागणार, ना पाण्यात कुजणार.” त्याने भोके पाडायला यंत्र लावले आणि तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

“ती हिरवट फळी लावू नको.”

दोघेही थबकले. बाबा खिडकीत उभे होते, उजव्या हाताने गज धरून.

“औषध पाजलेलं लाकूड आहे ते,” ते म्हणाले. “त्यात तांबं असतं. ओलं झालं की अॅल्युमिनियमला खातं. वर्षाच्या आत होडीची चाळण होईल. साधी फळी आण, तेल पाज आणि मग लाव.”

“बगळ्या,” वेल्डर म्हणाला, “तू तर तिकडे तोंड करून बसतोस ना? मग इकडचा रंग तुला दिसला कसा?”

बाबा पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. पण टेलरताई त्या दिवशी शिवताना गुणगुणत होती, हे मी स्वतः ऐकले.

साध्या फळ्या आल्या. त्यांना तीन वेळा तेल पाजले. टेलरताईने जाड सतरंजीसारखे कापड आणून फळ्यांना असे ताणून बसवले की वर एक सुरकुती नाही आणि खिळे सगळे खालच्या बाजूला. रिबिटांच्या रांगा चुकवून, बरोबर खडूच्या खुणांवर फळ्या आल्या. होडी वर ठेवली आणि मित्रांनो, ती बसली. हलली नाही, कलली नाही. माझ्या पाठीला तिचे सगळे पोट लागले. मोठी होडी माझ्यावर कण्याने टोचून बसायची. ही मात्र पाठीला पोट लावून झोपल्यासारखी बसली. माझी तक्रार त्या दिवशी निम्मी झाली.

आता टेलरताईची चूक सांगतो. शिवणारी माणसे शिलाईच्या आत थोडे जास्तीचे कापड सोडतात, पुढेमागे कपडा सैल करायचा झाला तर असावे म्हणून. त्याला माया सोडणे म्हणतात. टेलरताईचा हात माया सोडल्याशिवाय कापतच नाही. तिने खांब बसवताना होडीच्या नाकापुढे चांगली हातभर जागा सोडली. “उद्या थोडी मोठी होडी घेतली तर?” ती म्हणाली. वेल्डरचे डोळे आता अधू झालेत, त्याने मान डोलावली. त्यामुळे होडी हातभर मागे सरकली आणि तिचा मागचा भाग फळ्यांच्या बाहेर लोंबकळत राहिला. टायरांत हवा भरून रिकाम्या होडीसह गल्लीत दोन चकरा मारल्या तेव्हा कुणाला काही कळले नाही. दोघेही खूश होते.

रविवारी सकाळी बाबा काठी टेकत जीपमध्ये येऊन बसले. होडीच्या मागच्या कडेला मोटर लावली होती, मागेच बॅटरी आणि मागेच इंधनाचा डबा. टेलरताई जीप चालवत होती. गावाबाहेर पडेपर्यंत सगळे ठीक होते. मग उतार लागला, जीपने वेग घेतला आणि माझा दांडा हलका पडला. कडी गोळ्यावर तरंगू लागली. मी एकदा डावीकडे गेलो, एकदा उजवीकडे, मग आणखी डावीकडे. मला थांबायचे होते, पण मागचे सगळे वजन मला झोकांड्या खायला लावत होते. समोरून एक ट्रक येत होता.

टेलरताईचा पाय ब्रेककडे गेला.

“ब्रेक नको!” बाबा ओरडले. “पाय काढ. नुसता पाय काढ. चाक सरळ धर.”

तिने पाय काढला. जीपचा वेग उतरला, माझे झोके कमी होत गेले, ट्रक हॉर्न वाजवत बाजूने निघून गेला आणि आम्ही रस्त्याच्या कडेला खडीत जाऊन थांबलो. टेलरताईने डोके स्टिअरिंगवर टेकवले.

“चुकलंच माझं,” ती म्हणाली. “दादाचं बरोबर होतं. चला परत.”

दार उघडून, काठी टेकत, पाय ओढत बाबा माझ्याजवळ आले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला हात लावला. मित्रांनो, ट्रेलरला रडता येत नाही, नाहीतर त्या खडीत माझे पाणी पडले असते. त्यांनी टेलरताईला माझी कडी सोडायला लावली, खाली वाकले आणि उजव्या हाताने माझा दांडा उचलला. तो फुलासारखा वर आला.

आणि बाबा हसायला लागले.

“अगं, बघ! लुळा माणूस एका हातानं ट्रेलर उचलतोय! याच्या दांड्यावर वजनच नाही, मग शेपूट हलवणार नाही तर काय करणार? होडी इतकी मागे कशाला ठेवलीस?”

“माया सोडली होती, बाबा.”

“कपड्यात सोडतात, बाई! हा काय वाढत्या अंगाचा आहे? पाना काढ.”

तिथेच, रस्त्याच्या कडेला, माझे शेवटचे माप घेतले गेले. टेलरताईने खांबाचे बोल्ट सैल केले, खांब हातभर पुढे सरकवला आणि पुन्हा आवळला. बाबांनी रहाटाची मूठ उजव्या हातात धरली. गंज काढून ग्रीस भरले होते, तरी पहिला फेरा जड गेला. मग दुसरा, मग तिसरा. कापडाने मढवलेल्या फळ्यांवरून होडी इंच इंच पुढे आली आणि तिचे नाक ठोकळ्याला टेकले. मागची कड बरोबर फळ्यांच्या टोकावर आली. बाबांनी पुन्हा दांडा उचलून पाहिला. या वेळी त्यांना तो एका हाताने उचलेना.

“आता बरोबर,” ते समाधानाने म्हणाले. कुठलेही काम न जमल्यावर इतका आनंद झालेला माणूस मी पाहिलेला नाही.

तळ्यापर्यंत मी रेघेत चाललो. टेलरताईने मला उलटे उतारावर घेतले, चाके पाण्यात जाईपर्यंत. बाबा घोटाभर पाण्यात उभे राहिले. टेलरताई दोन पावले पुढे आली आणि त्यांनी नुसते तिच्याकडे पाहिले, तशी ती मागे सरकून उभी राहिली. बाबांनी पट्टा सैल सोडला, होडीच्या नाकाला खांदा लावला आणि रेटले. ज्या हलकेपणाला मी नावे ठेवली होती, त्याच हलकेपणामुळे ती एका खांद्याच्या जोराने सरकली. मोठी होडी असती तर बाबांच्याने ती जन्मात हलली नसती. माझा गर्व तिथेच पाण्यात वाहून गेला आणि मला त्याचे काडीचेही दुःख झाले नाही.

बाबा काठाला धरून, कुशीवर वळत, जरा धडपडत होडीत चढले. मोटर चालू झाली. दोन तासांनी ते परत आले तेव्हा त्यांनी पट्टा अडकवला आणि एका हाताने रहाट फिरवत होडी माझ्यावर ओढून घेतली. मध्ये तीनदा दम खायला थांबले. टेलरताई तोंडावर ओढणी दाबून दुसरीकडे बघत होती. मासा एकच मिळाला होता, तोही बोटाएवढा. बाबांनी तो केव्हाच सोडून दिला होता.

महिनाअखेरीला दादा आला. घराला कुलूप बघून तो तडक तळ्यावर पोचला. मी पाण्याच्या काठाला उभा होतो आणि टेलरताई माझ्या मडगार्डवर बसून एका कुर्त्याला काज करत होती.

“बाबांना एकटं सोडलंस?” दादा घाबरून म्हणाला.

“जॅकेट घातलंय. शिट्टी गळ्यात आहे,” ती म्हणाली. “आणि इथून दिसतात. ते बघ.”

लांब पाण्यावर एक चमकता ठिपका होता. दादा बराच वेळ बघत राहिला. मग तो ठिपका मोठा होत होत होडी झाला, होडीत बाबा दिसले आणि होडी उतारापाशी आली. दादा बूट न काढताच पाण्यात धावला आणि त्याने रहाटाची मूठ धरली.

“तुम्ही राहू द्या बाबा, मी ओढतो.”

“सर बाजूला,” बाबा म्हणाले. “तुझे बूट भिजले.”

दादाने मूठ सोडली. तो गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि आपल्या बापाने एका हाताने एकेक फेरा फिरवत होडी वर आणलेली त्याने पाहिली. होडीचे नाक ठोकळ्याला टेकल्यावर त्याने डोळे पुसले. सहाव्या मजल्याचा विषय त्या दिवशी निघाला नाही आणि नंतरही निघाला नाही. जाताना त्याने माझ्या टायरांतली हवा मात्र दोनदा तपासली.

मित्रांनो, माझे म्हणणे एवढेच आहे. तुमच्या घरामागे माझ्यासारखे काही पडून असेल, तर ते आता कुणाच्या उपयोगाचे नाही असे घाईने म्हणू नका. त्याच्या बोल्टांना तेल घाला, माप घ्या, थोडे कापा, थोडे सरकवा. मला पाण्यातून बाहेर काढलेत की माझी चाके स्वच्छ पाण्याने धुवा आणि वर्षातून एकदा बेअरिंगला ग्रीस भरा. मी आणखी वीस वर्षे तुमची सेवा करीन. आणि एखाद्या सकाळी तळ्याच्या काठी रिकामा, ओला ट्रेलर एकटाच उभा दिसला, तर त्याची कीव करू नका. त्याचे माणूस पाण्यावर आहे.